नव्याने कॅथलिक होताना: पहिलं पापनिवेदन आणि मारियेची सोबत

कॅथलिक ख्रिस्तसभेत यायचं ठरवलेल्या माणसापुढे दोन प्रश्न हटकून उभे राहतात. पापं फादरांसमोर कशाला सांगायची, सरळ देवालाच का नाही? आणि येशू असताना त्याच्या आईला, मारियेला, कशाला हाक मारायची? प्रश्न दोन वाटतात, पण शंका एकच आहे: देव आणि मी यांच्यामध्ये आणखी कुणी कशाला हवं?

ख्रिस्तसभेचं उत्तर असं आहे की माणसांना सोबत घ्यायचं हे देवानेच ठरवलं. त्याने एका स्त्रीच्या होकाराची वाट पाहिली आणि तिच्याकडून देह घेतला. पुढे आपली क्षमा वाटायचं काम त्याने प्रेषितांवर सोपवलं, आणि त्यांतला एक जण त्याला तीनदा नाकारून बसलेला होता. म्हणून या दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकू नयेत, एकत्र शिकाव्यात, असं माझं मत आहे. काना गावच्या लग्नात मारिया नोकरांना म्हणाली, ‘तो तुम्हांला सांगेल ते करा’ (योहान २:५). शुभवर्तमानांत नोंदलेले तिचे हे शेवटचे शब्द. जो रोज मारियेच्या प्रार्थनांची माळ (रोझरी) ओढतो पण पापनिवेदन वर्षानुवर्षं टाळतो, त्याने मारियेचं हे वाक्य अजून मनावर घेतलेलं नाही.

सगळ्यात आधी: तुमचा बाप्तिस्मा झाला आहे का?

याच्या उत्तरावर पुढचा सगळा क्रम ठरतो, आणि नेमका इथेच नवखा माणूस गोंधळतो.

बाप्तिस्मा झालेला नसेल तर आधी पापनिवेदन करायचं नसतं, करताही येत नाही. बाप्तिस्मा हे सगळ्या साक्रामेंतांचं, म्हणजे देवाची कृपा देणाऱ्या पवित्र विधींचं, दार आहे; पापनिवेदन हाही त्यांतलाच एक. बाप्तिस्म्याच्या पाण्याने मूळ पाप (आदामापासून सगळ्या माणसांत चालत आलेलं) जातं, आयुष्यभर केलेली पापं जातात आणि त्यांची शिक्षाही उरत नाही. तीस वर्षांपूर्वी केलेली एखादी गोष्ट अजून टोचत असेल, तर ती तिथेच धुतली जाते. नंतर कधीही ती ‘राहून गेलेलं पाप’ म्हणून सांगावी लागत नाही. मात्र मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्याला पश्चात्ताप लागतोच. त्यामुळे पुढे सांगितलेलं आत्मपरीक्षण तुम्हीही करा. तुमचं पहिलं पापनिवेदन बाप्तिस्म्यानंतरच्या पापांचं असेल.

दुसऱ्या ख्रिस्ती पंथात पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झालेला असेल, तर तो पुन्हा दिला जात नाही. तुम्ही श्रद्धेची कबुली देता आणि तुमचा स्वीकार होतो. पण त्याआधी, बाप्तिस्म्यापासून आजवर झालेल्या गंभीर पापांचं निवेदन करायचं असतं. ज्या फादरांकडे जाल त्यांना ‘माझा लवकरच स्वीकार होणार आहे’ हे सुरुवातीलाच सांगा. बाप्तिस्म्याचा दाखला आताच शोधायला घ्या. दाखला हरवला असेल तर त्या वेळी हजर असलेल्या माणसाची साक्षही उपयोगी पडते.

बाप्तिस्मा झाला की नाही, किंवा नीट झाला की नाही, हे शोधूनही कळत नसेल तर सशर्त बाप्तिस्मा (‘आधी झाला नसेल तर’ या अटीवर) दिला जातो. अशा वेळी पापनिवेदन कधी आणि कसं करायचं, ते आपल्या फादरांशी बोलून ठरवा; स्वतःच्या तर्काने ठरवू नका.

आणखी एक. तुमचा किंवा जोडीदाराचा आधी विवाह झाला असेल, घटस्फोट झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. ही गोष्ट बऱ्याच जणांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत लपवून ठेवलेली असते, आणि मग ऐन सणाच्या तोंडावर सगळं थांबतं. अशा प्रकरणांना वेळ लागतो, पण मार्ग असतात.

तयारीचे पहिले आठवडे: मारियेशी ओळख

पहिल्या दिवसापासून एकच प्रार्थना पाठ करायला घ्या: ‘नमो मारिया’. प्रत्येक प्रार्थनापुस्तकात शब्द थोडे इकडेतिकडे असतात. तुमच्या चर्चमध्ये जे म्हणतात तेच धरा. या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. पहिला जवळजवळ सगळा लूकच्या शुभवर्तमानातला आहे. देवदूताचं अभिवादन (१:२८) आणि अलिशिबेचे उद्गार (१:४२), एवढंच. दुसरा भाग म्हणजे ख्रिस्तसभेची विनवणी: पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर. आज म्हणतो त्या रूपात ती १५६८ साली पोप संत पाचवे पायस यांच्या प्रार्थनाग्रंथात अधिकृतपणे आली.

त्यातलं शेवटचं क्रियापद नीट पाहा. विनंती कर. मारिया क्षमा देत नाही, तारण देत नाही, ती मागते. आराधना फक्त त्रैक्य देवाची. संतांना मिळतो तो आदर, आणि मारियेला मिळतो तो सगळ्या संतांपेक्षा मोठा आदर, पण तो आदरच. जुने धर्मपंडित यासाठी लात्रिया, दुलिया आणि हिपरदुलिया असे तीन वेगळे शब्द वापरत. मराठीत ‘पूजा’ हा एकच शब्द सगळीकडे लावला जातो आणि तिथूनच गैरसमज सुरू होतो. म्हणून आपण बोलताना ‘मारियेची पूजा’ असं म्हणूच नये. मारियेचा सन्मान, मारियेची भक्ती, असं म्हणावं.

‘देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू’ हे वचन (१ तीमथ्य २:५) तुमच्यापुढे कुणीतरी ठेवेलच. वचन खरं आहे, आणि कॅथलिक श्रद्धा ते शब्दशः मानते. पण त्याच अध्यायाचं पहिलं वचनही वाचा. तिथे पौल सगळ्या माणसांसाठी विनंत्या आणि प्रार्थना करायला सांगतो. म्हणजे एकमेकांसाठी विनवणी केल्याने ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होत नाही. उलट ती विनवणी त्याच्यामुळेच चालते. तुम्ही मित्राला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणता, तेच इथे येशूच्या आईला म्हणता.

मारियेविषयी चार सिद्धान्त प्रत्येक कॅथलिकाने मानायचे असतात. ती देवमाता आहे: हे इफिसच्या धर्मपरिषदेने ४३१ मध्ये ठरवलं, आणि तो वाद मुळात येशूविषयीचा होता. तिच्या पोटी आलेला देव आहे की देवाशी जोडलेला कुणी माणूस, हा प्रश्न होता. तो एकच व्यक्ती आहे आणि ती व्यक्ती देव आहे, म्हणून त्याची आई देवमाता. दुसरा सिद्धान्त, ती सदाकुमारी आहे. तिसरा, तिचा निष्कलंक गर्भसंभव. तो पोप नवव्या पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला. याचा संबंध येशूच्या कुमारीगर्भातून झालेल्या जन्माशी लावू नका, ती चूक सर्रास होते. इथे गोष्ट मारियेच्या स्वतःच्या अस्तित्वाच्या पहिल्या क्षणाची आहे: तिच्या पुत्राच्या पुण्याईमुळे मूळ पापाचा डाग तिला लागलाच नाही. म्हणजे तिचंही तारण येशूनेच केलं. आपल्याला त्याने चिखलातून वर काढलं, तिला चिखलात पडण्याआधीच धरलं. ‘देव जो माझा तारणारा’ असं तीच म्हणते (लूक १:४७). चौथा, देह आणि आत्म्यासह तिचं स्वर्गात घेतलं जाणं. तो बाराव्या पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी जाहीर केला.

लूर्द (१८५८) किंवा फातिमा (१९१७) इथली मारियेची दर्शनं या चारांत मोडत नाहीत. ख्रिस्तसभेने ती विश्वासार्ह मानली आहेत, त्यांतून पुष्कळांची भक्ती वाढली आहे, पण ती मानण्याचं बंधन नाही. ज्या दर्शनांना मान्यता नाही, ज्यांत नुसत्या भीतीच्या तारखा आणि गुपितं असतात, त्यांच्या नादी पहिल्या वर्षात तर अजिबात लागू नका.

पापनिवेदन मुळात काय आहे

पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी येशूने शिष्यांवर फुंकर घातली आणि सांगितलं: पवित्र आत्मा घ्या, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा झाली, ज्यांची ठेवाल त्यांची राहिली (योहान २०:२२-२३). क्षमा करायची की ठेवायची हे ठरवायचं तर आधी ऐकावं लागतं. पापं नावानिशी सांगण्याचं कारण हेच. लॅटरनच्या चौथ्या परिषदेने १२१५ मध्ये वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचा नियम घातला. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये स्पष्ट केलं की आठवतील ती सगळी प्राणघातक पापं, त्यांचा प्रकार आणि ती किती वेळा झाली, हे सांगायचं.

पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर हवा, तो गंभीर आहे हे पुरतं ठाऊक हवं, आणि तरीही मनापासून संमती हवी. एकही कमी असेल तर ते प्राणघातक नाही. बाकीची लहान पापं सांगण्याचं बंधन नाही, पण सांगणं फार हिताचं आहे.

आत्मपरीक्षण

एखाद्या शांत दिवशी तासभर काढा. आधी पवित्र आत्म्याला प्रकाश मागा, मग एक ‘नमो मारिया’ म्हणा, मग दहा आज्ञा समोर ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्याला, विशेषतः लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याला, मी आयुष्याचे टप्पे पाडायला सांगतो: शाळेची वर्षं, तरुणपण, नोकरी, लग्न, त्यानंतरचं. प्रत्येक टप्प्यावर दहा आज्ञा एकदा फिरवायच्या. कागदावर टिपून घेतलंत तरी चालतं, फक्त नंतर तो फाडून टाका.

आकडा नेमका आठवत नसेल तर अंदाज द्या. ‘लग्नानंतर साधारण दोन वर्षं, महिन्यातून एकदोनदा’ एवढं पुरे. प्रकार मात्र नीट सांगा. ‘मी वाईट वागलो’ यातून काहीच कळत नाही. ‘मी मालकाचे पैसे चोरले, तीनदा, रक्कम मोठी होती, अजून परत केलेली नाही’ हे निवेदन झालं. पापाचा प्रकार बदलणारी गोष्ट सांगावी लागते, जसं की समोरची व्यक्ती विवाहित होती. पण पूर्ण कहाणी नको, आणि दुसऱ्यांची नावं तर मुळीच नकोत. ‘सासूमुळे मला राग येतो’ हे सासूचं पापनिवेदन झालं. आपलं एवढंच, की मी रागाने बोललो आणि महिनाभर अबोला धरला.

एका भीतीतून सुटका करतो. ख्रिस्तसभेने स्वतः घातलेले नियम कॅथलिकांनाच लागू होतात. त्यामुळे स्वीकार होण्याआधी रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकली, शुक्रवारी मांस खाल्लं, असलं काही मोजत बसू नका. दहा आज्ञांचं मात्र तसं नाही. त्या सगळ्यांनाच लागू आहेत.

पश्चात्ताप डोळ्यांतून यायलाच हवा का?

नाही. ही गोष्ट मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण रडू आलं नाही म्हणून कित्येक जण दारातून परत फिरतात. पश्चात्ताप हे इच्छेचं काम आहे: केलेल्या पापाचा मनातून नकार, आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. देवावरच्या प्रेमामुळे वाईट वाटत असेल तर तो परिपूर्ण पश्चात्ताप. पापाची किळस आली आणि नरकाची भीती वाटली म्हणून वळलात, तर तो अपूर्ण. पण साक्रामेंतासोबत तोही पुरतो. ‘मी पुन्हा पडेन असं वाटतं’ ही भीती निश्चय मोडत नाही. ‘पुन्हा करायचंच आहे’ हा बेत मोडतो. त्या बेतासह आत गेलात तर क्षमा मिळत नाही, म्हणून आधी तो बेत सोडा. चोरलेलं परत करायची, बदनामी केली असेल तर ती भरून काढायची तयारीही यातच आली.

प्रत्यक्ष पापनिवेदन

ते प्रत्यक्ष हजर राहूनच करावं लागतं. फोनवर, चिठ्ठीतून किंवा संदेश पाठवून हा साक्रामेंत होत नाही. मोठ्या माणसाचं पहिलं निवेदन लांबतं, तेव्हा रविवारच्या मिस्सेआधीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा फादरांकडे वेगळी वेळ मागून घ्या. चेहरा न दाखवता जाळीआडून बोलायचं असेल तर तसं सांगा. बऱ्याच जणांना तेच सोपं जातं.

क्रूसाची खूण करा आणि म्हणा: ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. हे माझं पहिलं पापनिवेदन आहे.’ मग सरळ पापं. सगळ्यात जड असेल ते सगळ्यात आधी काढा. जिभेवर अडलेलं एकदा बाहेर पडलं की उरलेलं आपोआप येतं, आणि ते शेवटी ठेवलं तर सैतान त्याला शेवटच्या क्षणी गिळायला लावतो. मन अगदी कोरं झालं तर ‘फादर, मला प्रश्न विचारून मदत करा’ म्हणा. शेवटी: ‘या आणि मला आठवत नसलेल्या सगळ्या पापांबद्दल मला मनापासून दुःख होतं.’

फादर दोन शब्द सांगतील आणि प्रायश्चित्त देतील. ते तुम्हाला करता येण्यासारखं नसेल तर तिथेच सांगा, बदलून मिळतं. मग पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. पाठ नसेल तर आपल्या शब्दांत म्हणा: हे देवा, तू चांगला आहेस, मी तुझा अपराध केला याचं मला दुःख आहे, तुझ्या कृपेने मी पुन्हा पाप करणार नाही. त्यानंतर फादर क्षमेचे शब्द उच्चारतात आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो’ असं म्हणून क्रूसाची खूण करतात. तुम्ही ‘आमेन’ म्हणा. या वेळी फादर स्वतःच्या नावाने बोलत नसतात. तो ‘मी’ ख्रिस्ताचा असतो.

ऐकलेलं गुपित राहतं, पूर्णपणे. धर्मकायद्यानुसार (कॅनन ९८३) कोणत्याही कारणाने, कोणत्याही प्रकारे फादरांना ते फोडता येत नाही; जीव वाचवायला नाही आणि न्यायालयातही नाही. जाणूनबुजून थेट फोडलं तर ते तत्क्षणी बहिष्कृत होतात. नंतर चहा पिताना तुमच्याशी विषय काढण्याचीही त्यांना मुभा नाही.

एखादं गंभीर पाप खरोखर विसरलात तर तेही क्षमेत आलं. पुढच्या वेळी आठवलं की सांगा, तोवर ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला हरकत नाही. पण लाजेने मुद्दाम लपवलंत तर काहीच क्षमा झालं नाही, वर एक पाप वाढलं, आणि सगळं निवेदन पुन्हा करावं लागतं. हे ऐकायला कठोर आहे, तरी ते आधीच कळलेलं बरं.

याच्या उलट टोकाचाही त्रास असतो. काही माणसं क्षमा मिळाल्यावर घरी येऊन तेच पाप उकरत बसतात: नीट सांगितलं का, आकडा चुकला का. असा छळ सुरू झाला तर एकच फादर धरा आणि ते सांगतील तेवढंच करा. संत आल्फोन्सस लिगोरी, पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते, स्वतः या छळातून गेले होते, आणि आज्ञापालन हाच त्यांचा उपाय होता.

त्यानंतरचे महिने

नियम वर्षातून एकदाचा आहे, पण मुरलेले कॅथलिक महिन्याला जातात. तुम्हीही तोच पाया धरा.

माळ एकदम पूर्ण घेऊ नका. पहिला महिना रोज एकच दशक: एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, दहा ‘नमो मारिया’, एक ‘पित्याला गौरव’. मग पाच दशकं, प्रत्येक दशकाला येशू आणि मारिया यांच्या जीवनातला एक प्रसंग, म्हणजे एक ‘रहस्य’, मनात धरून. सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये सुचवली. जुन्या पद्धतीची पंधराच रहस्यं म्हणणारेही आहेत आणि दोन्ही योग्य आहे. ओठ शब्द म्हणत असतात तेव्हा मन त्या प्रसंगात, येशूपाशी असावं. मन भरकटलं तर माळ वाया गेली असं नाही. जिथे लक्षात आलं तिथून पुढे चला. तेच तेच शब्द कशाला, असं कुणी म्हणालं तर गेथशेमानीतला येशू आठवा: तिसऱ्यांदाही त्याने त्याच शब्दांत प्रार्थना केली (मत्तय २६:४४).

कार्मेलचं स्कापुलर (गळ्यात घालायचे कापडाचे दोन छोटे तुकडे) किंवा मारियेचं पदक घालायला हरकत नाही, पण ते ताईत नव्हेत. स्कापुलर फादरांच्या हातून विधीपूर्वक स्वीकारा. संत लुई द मोंफोर्त यांच्या पद्धतीचं मारियेला आत्मसमर्पण ही मोठी आणि सुंदर गोष्ट आहे, त्याची तयारी ३३ दिवसांची असते. माझा सल्ला, त्यासाठी एक वर्ष थांबा. आधी रविवारची मिस्सा, महिन्याचं पापनिवेदन आणि रोजची माळ अंगवळणी पडू द्या.

दोन्ही एकत्र बांधणारा सराव हवा असेल तर पहिल्या शनिवारांची भक्ती धरा. सलग पाच महिने, महिन्याच्या पहिल्या शनिवारी: पापनिवेदन (त्याच दिवशी जमलं नाही तर आसपासच्या दिवसांत), ख्रिस्तशरीर, पाच दशकं, आणि रहस्यांवर पंधरा मिनिटं चिंतन, हे सगळं मारियेच्या निष्कलंक हृदयाला झालेल्या अपमानांची भरपाई म्हणून. पाच महिने संपेपर्यंत तुम्ही पाच वेळा त्या जाळीपाशी गेलेले असाल, आणि पहिल्या वेळची धडधड बरीच ओसरलेली असेल.

‘नमो मारिया’ पहिल्या निवेदनाआधीच पाठ असावी असं मी म्हणतो, त्यालाही कारण आहे. प्रायश्चित्त म्हणून फादर पुष्कळदा तीच सांगतात, तीनदा किंवा दहादा. घरी जाईपर्यंत ते राहू देऊ नका. बाहेर आलात की पहिल्या बाकावर गुडघे टेका आणि तिथेच म्हणा.